गाडीच्या रंगावर ओरखडे नकोत? आधी हातातला स्पंज बदला

नवीन गाडी घरी आली की सुरुवातीचे काही महिने तिचे लाड एखाद्या पाहुण्यासारखे होतात. मुलांना सीटवर बूट घेऊन चढायची बंदी, मागे बसून वेफर्स खायची बंदी आणि दर रविवारी न चुकता आंघोळ. वर्ष-दीड वर्षाने एखाद्या संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या लाइटखाली गाडी उभी राहते आणि बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. मग घरात चौकशी सुरू होते. सोसायटीतल्या मुलांनी चेंडू मारला का? मांजर चढली का? शेजारच्या स्कूटरचा धक्का लागला का?

बहुतेक वेळा उत्तर बादलीत असते. या रेषा कोणी मुद्दाम ओढलेल्या नसतात. गाडी स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण स्वतःच किंवा रोज गाडी पुसणारे दादा चुकीच्या फडक्याने आणि स्पंजने त्या थोड्या थोड्या वाढवत असतो. घराखालोखाल गाडी ही अनेक कुटुंबांची सर्वात मोठी खरेदी असते आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात. लाखो रुपयांच्या या वस्तूला हात लावणारी वस्तू मात्र जुना बनियन किंवा भांड्यांचा स्पंज असते. या लेखात पाहूया, रंगाला इजा न करणारा वॉश मिट किंवा स्पंज कसा निवडायचा आणि तो कसा वापरायचा.

ओरखडे नेमके कशाने पडतात?

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्यावर गंज न लागण्यासाठी एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपल्याला दिसणारी चकाकी या क्लिअर कोटची असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. सगळी काळजी या पातळ थरासाठी घ्यायची आहे.

आता रस्त्यावरची धूळ पाहा. तिच्यात वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० या मोपट्टीवर क्वार्ट्झचा आकडा ७ आहे. हे कण काचेलाही चरा पाडू शकतात, मग क्लिअर कोट तर त्याहून मऊ असतो. म्हणजे स्पंज किंवा फडके बहुतेक वेळा स्वतः रंग खरवडत नाही. ते आपल्या पोटात किंवा पृष्ठभागावर अडकलेली वाळू रंगावर फिरवते आणि ओरखडे त्या वाळूचे असतात.

हे कळले की निवड सोपी होते. चांगला वॉश मिट फक्त मऊ असून चालत नाही. घाणीचा कण रंगापासून दूर, स्वतःच्या तंतूंमध्ये ओढून घेणे आणि बादलीत बुडवल्यावर तो सोडून देणे, ही दोन कामे त्याला जमली पाहिजेत.

एक गंमतही लक्षात घ्या. रेषा गोल गोल दिसतात, त्यामुळे गोल हात फिरवल्याने त्या पडल्या असे वाटते. खरे तर त्या वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या सरळ, बारीक चऱ्या असतात. दिव्याचा उजेड ज्या चऱ्यांवर आडवा पडतो त्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांवर त्या लगेच दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही त्या असतातच, फक्त लपून राहतात.

घरातल्या या वस्तू गाडीपासून लांब ठेवा

- भांड्यांची हिरवी घासणी किंवा स्पंजला चिकटवलेली खरखरीत बाजू. ती करपलेले भांडे खरवडण्यासाठीच बनवलेली असते आणि तिच्यात घासणारे कण असतात. स्पंजची मऊ बाजू वापरतो म्हणून चालेल, असे समजू नका. ओला स्पंज हातात उलटायला क्षणही लागत नाही.
- जुने बनियन, टी-शर्ट आणि बेडशीट. त्यांची शिवण, छापील चित्र, बटणे आणि लेबल कडक असतात. सपाट सुती कापडाला कण लपवायला जागा नसते, त्यामुळे वाळू थेट रंगावर घासली जाते.
- जुना टॉवेल. वर्षानुवर्षे साबण आणि क्षारयुक्त पाणी लागून त्याचे धागे ताठ झालेले असतात.
- जमिनीचा किंवा गाडीखालचा कचरा झाडण्याचा ब्रश आणि कोरडा डस्टर. कोरड्या धुळीवर काहीही घासणे हा रंग खराब करण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे.

स्पंज, मायक्रोफायबर की लोकर?

साधा सपाट स्पंज

पिवळा, वीटेसारखा स्पंज सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. तो पाणी आणि फेस भरपूर धरतो, हा त्याचा गुण. पण त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. वाळूचा कण स्पंज आणि रंग यांच्या मध्ये अडकला की त्याला आत जायला वाट नसते, तो रंगावरून ओढला जातो. स्पंजच घ्यायचा असेल तर खोल खाचा असलेला किंवा वरून मायक्रोफायबरचे आवरण असलेला घ्या. मिट हातात बसत नसेल किंवा हाताचे सांधे दुखत असतील तर असे आवरण असलेला स्पंज पकडायला सोपा जातो.

मायक्रोफायबर मिट

बहुतेक घरांसाठी हा सर्वात सोयीचा पर्याय आहे. मायक्रोफायबर म्हणजे इतका बारीक धागा की त्याची ९००० मीटर लांबी मोजली तरी वजन एक ग्रॅम किंवा त्याहून कमी भरते. गाडीसाठीच्या कापडात साधारणपणे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे मिश्रण असते. पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० असे लिहिलेले दिसेल, त्यातला छोटा आकडा पॉलिअमाइडचा. पॉलिअमाइडमुळे कापड पाणी चांगले शोषते आणि मऊ राहते.

या मिटचे दोन प्रकार बाजारात जास्त दिसतात. एक शेनिलचा, म्हणजे ज्यावर शेवयांसारखी जाड, लोंबती बोटे असतात. कण त्या बोटांच्या मधल्या फटीत जातात. दुसरा लांब, दाट केसांचा, दिसायला लोकरीसारखा. हातात घेऊन पाहिले तर दुसरा जास्त मऊ लागतो, पहिला मात्र टिकतो जास्त आणि धुवायला सोपा. दोन-चारशे रुपयांत यातला बरा मिट मिळतो.

मेंढीच्या लोकरीचा मिट

गडद रंगाची गाडी असेल आणि स्वतः वेळ काढून धुवायची हौस असेल तर याचा विचार करा. लोकरीचे लांब, लवचिक तंतू कण खोल ओढून घेतात आणि रंगावर दाब जवळजवळ पडत नाही. पण याचे नखरे आहेत. किंमत जास्त, तंतू गळतात, कडक उन्हात वाळवला तर मागचे चामडे ताठ होते आणि कोकण, गोवा, केरळ किंवा कोलकात्याच्या दमट हवेत नीट वाळला नाही तर बुरशी येते. घरात अनेक जण गाडी धुणार असतील तर मायक्रोफायबरच बरा.

विकत घेताना या गोष्टी तपासा

- मनगटाच्या आतल्या बाजूवर किंवा गालावर मिट फिरवा. तिथे जरा जरी टोचले तरी तो रंगासाठी नको.
- तंतूंची लांबी पाहा. बोट दाबल्यावर ते तंतूंमध्ये बुडले पाहिजे. लगेच मागचे कापड लागत असेल तर कणांना लपायला जागा नाही.
- शिवण आणि लेबल तपासा. जाड नायलॉनची शिवण किंवा प्लास्टिकचे लेबल बाहेरच्या बाजूला असेल तर तो मिट ठेवून द्या. लेबल कापून काढता येत असेल तर चालेल, पण कापलेले टोक राहता कामा नये.
- दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते पाहा. काही मिटच्या एका बाजूला किडे घासून काढण्यासाठी जाळीदार कापड असते. ते काचेसाठी ठीक, रंगासाठी नाही.
- मनगटाचा इलॅस्टिक पट्टा पुरेसा घट्ट हवा. मिट हातातून सुटून जमिनीवर पडला की त्यात वाळू भरलीच.
- हलक्या हाताने तंतू ओढून पाहा. गुच्छ हातात आला तर धुताना तो गाडीभर पसरेल.

जीएसएम हा आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो एका चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगतो. आकडा मोठा म्हणजे कापड दाट आणि जाड, पण मऊ असेलच असे नाही. म्हणून आकड्यावर न जाता हाताने खात्री करा.

ऑनलाइन मागवला असेल तर घरी एक सोपी चाचणी करता येते. जुनी, टाकाऊ सीडी घ्या. तिची चकचकीत बाजू ओली करा आणि धुतलेला मिट त्यावर थोडा दाब देऊन दहा-बारा वेळा सरळ फिरवा. मग मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. सीडीचे प्लास्टिक चटकन चरे घेते. त्यावर नवीन रेषा उमटल्या असतील तर तो मिट रिम आणि टायरसाठी ठेवा.

मिट चांगला, पण पद्धत चुकली तर?

उत्तम मिटसुद्धा घाण पाण्यात बुडवून वापरला तर घासणीसारखेच काम करेल. म्हणून हा क्रम पाळा.

- गाडी सावलीत उभी करा आणि बोनेट थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग पडतात.
- अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून ठेवा. मुले मदतीला असतील तर त्यांच्या जीन्सची बटणे आणि झिपही पाहा. गाडीवर रेलून छत धुताना यांचेच खोल ओरखडे पडतात.
- हात लावण्याआधी गाडीवरून वरून खाली पाणी सोडा. जितकी वाळू पाण्याने निघून जाईल तितकी मिटखाली येणार नाही.
- दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मिट शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात खळखळून घाण सोडा आणि पुन्हा शाम्पूत बुडवा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी ग्रिट गार्ड नावाची जाळी ठेवली तर खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही.
- छत, काचा, बोनेट, दरवाजे आणि सर्वात शेवटी खालचा भाग असा क्रम ठेवा. चाकांजवळच्या भागात सर्वात जास्त चिखल असतो.
- हात सरळ रेषेत, हलका फिरवा. मिटचे वजन पुरेसे असते. डाग निघत नसेल तर जोर लावू नका, फेस दोन मिनिटे राहू द्या.
- चाकांसाठी वेगळा मिट आणि शक्यतो वेगळी बादली ठेवा. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. घोळ होऊ नये म्हणून दोन वेगळ्या रंगांचे मिट घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर टाळा. ती तेलकटपणा काढण्यासाठी असते, त्यामुळे गाडीवरचे मेण किंवा पॉलिश निघून जाते. गाडीचा शाम्पू बुळबुळीत असतो आणि तो बुळबुळीतपणाच मिट रंगावरून अलगद घसरवतो. शेवटी पाण्याने धुऊन मोठ्या, कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलने पाणी टिपून घ्या. बोअरचे क्षारयुक्त पाणी तसेच वाळू दिले तर पांढरे ठिपके राहतात.

रोज गाडी पुसणाऱ्या दादांचे काय?

मुंबई, पुणे, दिल्ली किंवा बंगळुरूच्या सोसायट्यांमध्ये गाडी बहुतेक वेळा आपण धुतच नाही. पहाटे कोणीतरी येऊन एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या पुसून जाते. ओरखडे दिसले की दोष त्यांच्यावर येतो. कधी त्यांचे पैसे कापले जातात, तर कधी कामच सुटते. पण त्यांच्या हातात फडके कोणी दिले होते? बहुतेक घरांतून काहीच दिलेले नसते. पाचव्या मजल्यावरच्यांच्या गाडीची वाळू तुमच्या गाडीवर येते आणि तुमची पुढच्या गाडीवर जाते. घाई त्यांची हौस नाही. ऑफिसला निघणाऱ्या सगळ्यांना आठच्या आत गाडी पुसलेली हवी असते.

भांडण्यापेक्षा हे करून पाहा. तुमच्या गाडीसाठी एक मिट, दोन मायक्रोफायबर फडकी आणि शाम्पूची छोटी बाटली एका पिशवीत घालून त्यांच्याकडे द्या किंवा डिकीत ठेवा. दर आठवड्याला फडकी घरी धुऊन परत द्या, ते काम त्यांच्यावर टाकू नका. दुसरे म्हणजे, रोज कोरडे पुसणे थांबवा. रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, आठवड्यातून एक-दोनदा पाणी टाकून नीट धुवायचे, असे ठरवा. महिन्याचे पैसे मात्र तेवढेच ठेवा. काम कमी झाले म्हणून पैसे कमी केले तर उद्यापासून पुन्हा तेच फडके फिरेल. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून हे केले तर प्रत्येकाचा खर्च नगण्य होतो आणि त्या माणसालाही उगाच बोलणी खावी लागत नाहीत.

पाणी कमी असेल तर

नळाच्या पाइपमधून मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी सहज जाते. पाइप दहा मिनिटे चालू राहिला की शंभर लिटर गेले. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने टंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड ठेवला होता. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीतही पाइपने गाडी धुण्यासारख्या उधळपट्टीसाठी २००० रुपये दंड जाहीर झाला. त्यामुळे कमी पाण्यात गाडी धुता येणे आता गरजेचे झाले आहे.

बाजारात रिन्सलेस वॉश नावाचे द्रव मिळते. बादलीभर पाण्यात ते थोडेसे घालतात. त्याने कण बुळबुळीत होऊन सुटतात आणि नंतर भरपूर पाणी ओतावे लागत नाही. मात्र इथे मिटची परीक्षा जास्त कडक असते. आधी स्प्रेने तेच द्रव गाडीवर फवारून घाण भिजवा. एकाच मिटऐवजी सहा-आठ मायक्रोफायबर फडकी बादलीत भिजवून ठेवा. प्रत्येक फडक्याची चौघडी करा, एका भागासाठी एक बाजू वापरा आणि वापरलेली बाजू पुन्हा रंगाला लावू नका. गाडी चिखलाने माखलेली असेल तर मात्र ही पद्धत नको. तिथे आधी पाणी लागतेच.

ऋतू आणि सण पाहून थोडा बदल

उन्हाळ्यात राजस्थान, दिल्ली किंवा मराठवाड्यात गाडीवर धुळीचा थरच बसतो. तिथे आधी पाणी किंवा स्प्रे आणि मग मिट, हा नियम मोडू नका. मुंबई, गोवा आणि चेन्नईच्या किनाऱ्यालगत खारट हवेचा चिकटपणा बसतो, तिथे शाम्पूचा फेस जरा जास्त वेळ राहू द्या. पक्ष्यांची विष्ठा घासू नका. ओला टिश्यू त्यावर पाच मिनिटे ठेवा आणि मग अलगद उचला.

दसऱ्याला आपल्याकडे, आयुधपूजेला कर्नाटकात आणि तामिळनाडूत, तर विश्वकर्मा पूजेला बंगालमध्ये गाडीची पूजा होते. हळद-कुंकू, तांदूळ आणि झेंडूचे हार बोनेटवर दोन-तीन दिवस राहतात. ते कोरड्या हाताने खरवडू नका. हार काढा, पाणी टाकून अक्षता आणि कुंकू भिजू द्या आणि मग मिट फिरवा. बोनेटवर हार बांधताना तारेऐवजी सुती दोरा वापरा.

मिटची निगा

- वापरल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली तंतू बोटांनी मोकळे करत धुवा.
- सौम्य डिटर्जंट आणि थंड किंवा कोमट पाणी वापरा. फॅब्रिक कंडिशनर आणि ब्लीच नको. कंडिशनरचा थर बसला की मायक्रोफायबर पाणी आणि धूळ धरत नाही.
- सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकू नका, त्यांचे तंतू मिटला चिकटतात.
- पावसाळ्यात पंख्याखाली, एरवी सावलीत टांगून वाळवा आणि बंद डब्यात ठेवा.
- जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या. म्हणूनच घरात दोन मिट असलेले बरे.
- धुऊन वाळल्यावरही तंतू ताठ आणि गुठळ्या झालेले असतील तर तो चाकांसाठी वापरा.

आधीच ओरखडे असतील तर

नखाने रेषा अडकत नसेल तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि मशीन पॉलिशने तो कमी होऊ शकतो. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा अगदी पातळ भाग घासून काढणे. दर वर्षी ते करत राहिलात तर तो थर कधीतरी संपेल, आणि मग त्या भागाला पुन्हा रंग देण्याशिवाय पर्याय उरत नाही. त्यामुळे एकदा पॉलिश करून घ्या, त्यावर मेण किंवा कोटिंगचा थर द्या आणि पुढची धुलाई योग्य मिटने करा. कोटिंग केले म्हणून ओरखडे पडत नाहीत, हा गैरसमज आहे. गाडीचा रंग मॅट असेल तर पॉलिश अजिबात करू नका, त्याने तिथे चकाकीचे डाग पडतात.

रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला एकही ओरखडा लागणार नाही, असे कधी होत नाही. पण आपल्या हाताने पडणारे ओरखडे थांबवणे आपल्याच हातात आहे. येत्या रविवारी गाडी धुण्याआधी बादलीतला जुना स्पंज उचलून पाहा. त्यात बोट रुतवल्यावर वाळू कचकचली, तर त्याला आता बाथरूमची फरशी घासायला द्या आणि गाडीसाठी दोन चांगले मिट घेऊन या.